स्वयंपाकघरातून : लसूण-लोण्यातले झिंगे

फराळाला चार दिवस झाले, की करंजी-चकलीचे डबे भरलेले असूनही घरातली मंडळी काहीतरी झणझणीत मागू लागतात. भाऊबीजेनंतर ज्या घरी मासळी चालते, त्यांच्यासाठी आजचा पदार्थ. चातुर्मास पाळणाऱ्या भगिनींनी तुळशीच्या लग्नापर्यंत हे पान दुमडून ठेवावे.

नागपूरकरांना झिंगे म्हटले की सावजी रस्सा आठवतो. रस्सा उत्तमच, पण त्याच्या मसाल्यापुढे झिंग्याची स्वतःची चव ती कितीशी कळणार? लसूण-लोण्यात झाकायला काहीच नाही. म्हणून या पदार्थाचे निम्मे यश बाजारात ठरते आणि उरलेले निम्मे चुलीवरच्या चार मिनिटांत!

आधी बाजार. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने 800 किलोमीटरांहून दूर. तिकडची कोळंबी आपल्याकडे येते ती बर्फात, नाहीतर गोठवलेल्या पाकिटात. पण भंडारा-गोंदियाचा तलावांचा मुलूख आपल्या शेजारीच आहे. कोहळी मंडळींनी बांधलेल्या तिथल्या जुन्या तलावांत ढिवर बांधव मासे धरतात, त्यांत झिंगेही येतात. झिंगा कुठलाही असो, अंग घट्ट हवे, सालीला चमक हवी, डोके धडाला धरून हवे. अंग बुळबुळीत लागले किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर विकणारा कितीही ‘आजचाच माल, ताई’ म्हणो, पिशवी रिकामी घेऊन परतावे. पाकिटातले झिंगे रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावेत. ओट्यावर ठेवू नयेत आणि एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नयेत.

साहित्य : मध्यम झिंगे अर्धा किलो, लोणी 50 ग्रॅम, तेल 1 मोठा चमचा, लसणाच्या 10-12 पाकळ्या, भिवापुरी मिरचीचे तिखट पाव चमचा, अर्धे लिंबू, मीठ, कोथिंबीर. विकतचे लोणी खारे असते, तेव्हा मीठ बेताने.

कृती : डोके व साल काढून पाठीवर उभी चीर द्यावी आणि आतला काळा दोरा ओढून टाकावा. धुऊन स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपावेत. ओले झिंगे परतले जात नाहीत, नुसते शिजतात. पसरट तव्यात तेल चांगले तापवून झिंगे एका थरात मांडावेत. गर्दी होत असेल तर दोन वेळा करावेत. एक बाजू दीड मिनिट, मग उलटून दुसरी मिनिटभर. बारीक झिंग्यांना याच्या निम्मा वेळ पुरे. आता आच मंद करून लोणी, ठेचलेला लसूण, तिखट व मीठ घालावे आणि मिनिटभर हलवून उतरवावे. वरून लिंबू व कोथिंबीर.

लोणी शेवटी का? लोण्यात दुधाचा अंश असतो, तो कडक आचेवर करपतो. लसूणही तसाच, गुलाबी झाला तर गोड, काळा पडला की कडू.

झिंगा शिजला हे ओळखावे कसे? त्याच्या अंगातला लाल रंग मूळचाच असतो, पण प्रथिनांत अडकलेला. आच लागली की तो मोकळा होतो. मात्र रंगावरच भुलू नये. आतला काचेसारखा मांसल भाग पूर्ण पांढरा झाला पाहिजे. झिंगा अर्धगोल वळला की तयार. घट्ट वेटोळे झाले की रबर! मग पैसे गेले आणि चवही.

साली-डोकी मात्र टाकू नका. मोठे पेलाभर पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळा आणि त्या पाण्यात चिन्नोरचा भात शिजवा. महाग झिंग्याचा दाम असा पुरेपूर वसूल होतो.