अंग आखडते, ओठ हलतात : दोष कोणाचा?

घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असला की त्याचा संशय, एकटेच बोलणे, कानात आवाज ऐकू येणे याकडे सर्वांचे लक्ष जाते. त्याच्या शरीराकडे मात्र कोणी पाहत नाही. चालताना त्याचे हात हलत नाहीत. ओठ आणि जीभ आपोआप वळवळतात. साधा तांब्या उचलायलाही वेळ लागतो. शेजारी म्हणतात, "अंगात आलंय." भाऊ म्हणतो, "आळशी झालाय." आई म्हणते, "गोळ्यांनीच पोराचं वाटोळं केलं." आणि गोळ्या बंद होतात!

खरे काय ते पाहू. एकाच स्थितीत तासन्‌तास ताठ राहणाऱ्या मनोरुग्णांचे वर्णन कालबाउम या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली केले. या आजारावरची पहिली गुणकारी गोळी आली १९५२च्या सुमारास. म्हणजे गोळी नव्हती तेव्हाही अंग आखडत होते.

आपल्याच देशात, मद्रासकडच्या रुग्णांची तपासणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. कधीच गोळी न घेतलेल्या शंभर रुग्णांमागे ३८ जणांत ओठ-जिभेच्या किंवा हातापायांच्या आपोआप हालचाली आढळल्या. गोळ्या घेणाऱ्यांत ४१, तर निरोगी लोकांत १५. अंग जड होणे व थरथरणे मात्र न घेणाऱ्यांत २४ आणि घेणाऱ्यांत ३६. म्हणजे गोळीचा वाटा आहे, पण सगळा दोष तिचा नाही. हा मेंदूचा आजार आहे. यात ना करणी, ना आळस.

आता नात्याची गोष्ट. मूठ, हाताची कड, पंजा असे एकामागून एक टेबलावर ठेवायला डॉक्टर सांगतात. त्यात रुग्ण अडखळतो. त्याची निरोगी भावंडेही इतरांपेक्षा थोडी जास्त अडखळतात, असे दिसून आले आहे. आजाराकडचा कल काही अंशी रक्तातून येतो, तो असा. पण अडखळला म्हणजे वेडा होणार, असे नाही. ही परीक्षा घरी घेऊन कोणावर शिक्का मारू नका. सर्वसाधारण माणसांत शंभरात एकाला हा आजार होतो, रुग्णाच्या भावंडांत नऊ-दहा जणांना. उरलेल्या नव्वदांना होत नाही! मग भावाच्या आजारापायी बहिणीचे जमलेले लग्न का मोडावे? आणि आईच्या संस्काराला बोल का लावावा?

मनाने गोळ्या बंद करू नका. हालचाल कधी सुरू झाली, कोणती गोळी बदलल्यावर वाढली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. मात्र ताप येऊन अंग लाकडासारखे झाले, किंवा रुग्णाने अन्नपाणी सोडले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. भगताकडे घालवलेली एक रात्रही जिवावर बेतू शकते.