उद्या पुन्हा जाववेल तो व्यायाम

रक्तातली साखर वाढली, तसे डॉक्टर म्हणाले, ‘वजन उतरवा.’ बॅडमिंटनने गुडघा दुखावला. पोहण्याचा पास काढला, चारदाच गेलो. मग पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढू लागलो आणि खाली येऊन वडापाव खाऊ लागलो!

बँकेत उभा जन्म काढलेल्या मला हिशेब कळू नये? अर्धा तास चालून खर्च जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी. एका वडापावात जमा जवळपास दुप्पट. वजन उतरते मुख्यतः ताटातून. व्यायाम ते पुन्हा चढू देत नाही, शिवाय हृदय सांभाळतो. त्याला आठवड्याची १५० मिनिटे भरभर चालणेही पुरते. तेव्हा सर्वाधिक घाम काढणारा खेळ शोधू नका. उद्या पुन्हा जावेसे वाटेल, तो धरा. हल्ली पत्नी सोबत असते. पर्वती चुकत नाही आणि वडापाव मिळत नाही.