विश्लेषण : स्थूल गर्भवतीचे वजन किती वाढावे?

‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक गर्भवतीला मिळतो. पोटभर अन्न न मिळणाऱ्या स्त्रीसाठी तो योग्यच होता. आता मात्र चित्र दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के अतिवजनाच्या वा स्थूल आहेत. दोघींना एकच सल्ला कसा चालेल?

प्रमाण काय?

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००९ मध्ये दिलेले निकष जगभर वापरले जातात. गरोदरपणापूर्वी वजन सामान्य असेल, तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ योग्य. बॉडी मास इंडेक्स ३० वा अधिक असल्यास ५ ते ९ किलो पुरेशी. उदाहरणार्थ, १५५ सेंटीमीटर उंची आणि ७४ किलो वजनाच्या स्त्रीचा हा निर्देशांक ३०.८ येतो. तिच्यासाठी चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढ पुरते. भारतीयांमध्ये चयापचयाचे विकार कमी वजनातच दिसू लागतात. त्यामुळे येथील तज्ज्ञ स्थूलतेची रेषा २५ वर मानतात.

जास्त वाढल्यास?

स्थूलतेमुळे गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन यांची जोखीम मुळातच अधिक असते. त्यात अतिरिक्त वाढीची भर पडली की बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्याची शक्यता वाढते. बाळंतपणानंतर न उतरलेले वजन पुढच्या खेपेला सोबत येते.

मग उपास करावा का?

अजिबात नाही. बाळ, वार, गर्भजल आणि वाढलेले रक्त यांचेच काही किलो होतात. वाढ फारच कमी झाली, तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३५० उष्मांक जादा लागतात, असे भारतीय आहार निकष सांगतात. तो आकडाही सामान्य वजनाच्या स्त्रीसाठी आहे. डाळ, उसळ, अंडी, ताक, पालेभाज्या ताटात हव्यात. साखर, तळण, बेकरीचे पदार्थ कमी. डॉक्टरांची हरकत नसेल, तर रोज अर्धा तास चालावे. स्थूल स्त्रीलाही रक्तक्षय असू शकतो, म्हणून लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चुकवू नयेत.

व्यवस्थेने काय करावे?

वजनकाटा प्रत्येक तपासणीला असतो, नोंदही होते. त्या आकड्याचा अर्थ मात्र अनेकींना कोणी सांगत नाही, किंवा सांगितला जातो तो टोमण्याच्या सुरात. टोमणा ऐकलेली स्त्री पुढच्या तपासणीला यायचे टाळते, आणि नेमका तिचाच रक्तदाब तपासायचा राहून जातो. पहिल्याच भेटीत उंची-वजन मोजून ‘तुमच्यासाठी इतके किलो’ हा आकडा कार्डावर लिहून देण्याला खर्च नाही. तो सासू आणि नवऱ्यासमोर सांगितला, तर आणखी बरे. कारण ताट बहुधा तिच्या एकटीच्या हातात नसते.