एकाच जिन्यावरचे दोन दवाखाने

14 नोव्हेंबर जवळ आला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत मधुमेह तपासणीची शिबिरं लागतात. कुठे सोसायटीचा हॉल, कुठे मंडळाचं कार्यालय, कुठे फ्लेक्सखाली मांडलेलं टेबल. बोटाला सुई टोचतात, बीपी बघतात, फार तर पायांना मुंग्या येतात का विचारतात. मग 20 मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन येतो. तोच हॉल, आता दातांचं शिबिर, जाताना पेस्टची छोटी ट्यूब फुकट. येणारी माणसं बरीचशी तीच. पण पहिल्या शिबिरात कुणी "आ करा" म्हणत नाही, आणि दुसऱ्यात क्वचितच कुणी "शुगर आहे का?" विचारतं.

हाराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने 1993 साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणारी जखम यांच्यानंतरची ही सहावी. पहिल्या पाचांची धास्ती आपल्याकडच्या शुगरवाल्यांना चांगलीच असते. सहावी त्यांच्या कानावरच आलेली नसते.

शुगर वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, सूज लवकर उतरत नाही, आणि हिरडीखाली साचलेल्या कीटातले जंतू दात धरून ठेवणारं हाड झिजवत जातात. इथवर लोकांना पटतं. उलटी वाट मात्र पटवावी लागते. हिरडी सुजली की दाताभोवती खोल कप्पे तयार होतात. आजार तोंडभर पसरलेला असेल तर या कप्प्यांच्या आतल्या सुजलेल्या भागाचं क्षेत्रफळ 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरतं, असा एक अंदाज आहे. म्हणजे रुपयाच्या दोन ते पाच नाण्यांएवढी जखम. एवढी जखम पायावर असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. तोंडातली दिसत नाही, बहुधा दुखतही नाही. तिथली सूज रक्तात उतरते, इन्सुलिनचा परिणाम कमी करते आणि शुगर आणखी हट्टी होते.

याचा पुरावा पहिल्यापासून एकसुरी नव्हता, हेही सांगायला हवं. 2013 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हिरड्यांवर उपचार करूनही शुगरमध्ये फरक दिसला नाही. पुढे 2022 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, सरासरी 0.43 टक्के-अंकांनी उतरलेला आढळला. हा आकडा छोटा आहे आणि यामुळे कुणाची गोळी बंद होणार नाही. तरीही साडेआठवर अडकलेल्या माणसाला एवढ्याचीही किंमत कळते.

तरी माणसं दातांच्या खुर्चीत बसायला तयार नसतात, कारण "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात" हा समज पक्का बसलेला आहे. खरं तर दात आधीच सुटलेला असतो. हाड गेलेलं असतं आणि कीटाच्या थराने त्याला कसंबसं धरून ठेवलेलं असतं. थर निघाला की हलणं जाणवतं आणि शिव्या दंतवैद्याला बसतात. तंबाखू आणि मशेरीवाल्यांची गंमत वेगळीच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त कमी येतं आणि "माझ्या हिरड्या एकदम घट्ट" असं समाधान मिळतं. त्यात आपलं लोकलचं वेळापत्रक. रात्री दहाला जेवण, वर गोड सुपारी, आणि पहाटेच्या गाडीच्या धास्तीने तसंच आडवं होणं. रात्रीचा ब्रश या भागात चैनीची वस्तू झाला आहे.

स्टेशनबाहेरच्या भिंतींवर फिक्स दातांच्या जाहिराती मात्र भरपूर दिसतात. पडलेला दात हजारो रुपये मिळवून देतो, वाचवलेल्या हिरडीची जाहिरात कोण करणार? शुगर ताब्यात नसेल तर इम्प्लांटभोवतीही हाच आजार जडू शकतो, हे त्या फलकावर लिहिलेलं नसतं. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचा नेहमीचा खर्च धरलेलाच नसतो, हे वेगळंच.

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या फडके रोडला कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्यावरच्या पाट्या वाचा. एका मजल्यावर मधुमेहतज्ज्ञ, दुसऱ्यावर डेंटल क्लिनिक. दोघांत बारा पायऱ्यांचं अंतर, आणि पेशंट एकच. तरी वरची चिठ्ठी खाली जात नाही आणि खालची वर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या शहरी प्रौढांत 16.4 टक्के मधुमेही आहेत. सकाळच्या डब्यात उभ्या असलेल्यांत ते किती असतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी बिनखर्चाची आहे. पालिकेच्या दवाखान्यांत शुगरच्या केसपेपरवर एक ओळ छापा: हिरड्या तपासल्या का? आणि वाचकहो, तुम्ही त्या ओळीसाठी थांबू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ब्रश करताना रक्त येतं का, दातांत फटी पडल्या आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दंतवैद्याकडे जाल तेव्हा एचबीए1सीचा कागद सोबत न्या.