पाना कुणी निवडायचा?

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक नट असतो. 12 मिलिमीटर बोल्टाचा, 19 च्या पान्यात बसणारा, सहाही कडा शाबूत असलेला. बेळगावात ॲडजस्टेबल पाना घ्यायला गेलो की दुकानात तो नट काढतो, पान्याच्या तोंडात धरतो, अंगठ्याने चक्री फिरवून घट्ट करतो आणि मग पाना हलवून बघतो. दुकानदार आधी जरा वैतागतात. चार पाने बाजूला ठेवून पाचवा उचलला की मात्र स्वतःच विचारतात, ह्यात काय बघितलंत?

जांबोटीत मी चौतीस वर्षे पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. मलप्रभा आमच्या वरच्या अंगाला कणकुंबीला उगम पावते. तिथून खाली येताना तिच्या काठावर आणि ओढ्यांवर शेतकऱ्यांचे पंप बसलेले असतात. मृगाच्या आधी पंप उचलून वर आणायचे आणि भात कापून झाले की पुन्हा खाली बसवायचे. म्हणजे तेच बोल्ट दर वर्षी दोनदा उघडायचे, तेही चार महिने पावसात भिजून गंजलेले. अशा ठिकाणी पाना चांगला नसेल तर पहिल्या हिसक्यातच नटाच्या कडा गोल होतात. मग छिन्नी, हातोडा, शेवटी गॅस कटर. दहा मिनिटांच्या कामात दिवस जातो.

हे लिहायला बसलो ते गावोगावच्या पाणी सोडणाऱ्या मुलांमुळे. 2019 साली जल जीवन मिशन आले आणि वाड्यावाड्यांत नळ पोचले. नळ आले तसे व्हॉल्व्ह आले, फ्लँज आले, त्यांचे नटबोल्ट आले. ते सांभाळायला एक माणूस नेमला जातो आणि त्याच्या हातात एक पाना दिला जातो. आसपासच्या गावांतली ही मुले माझ्याकडे येतात. "मामा, व्हॉल्व्हचा नट निघंना झालाय की ओ." मी आधी पाना बघायला मागतो. बहुतेक वेळा जबडा इतका ढिला असतो की बोटाने हलतो. विचारले तर कळते, पाना आणला दुसऱ्याच कुणीतरी. दरपत्रके मागवली, सगळ्यात स्वस्त ते घेतले. ज्याने घेतला त्याला तो कधी वापरायचा नाही, आणि जो वापरणार त्याला कुणी दुकानात नेले नाही. हे मला मान्य नाही. पाना वापरणाऱ्यानेच निवडला पाहिजे आणि त्याचे पैसे पंचायतीने किंवा मालकाने खळखळ न करता दिले पाहिजेत. चांगल्या आणि वाईट पान्यात दोन-तीनशे रुपयांचा फरक असतो. एक व्हॉल्व्ह बिघडला तर अख्खी वाडी दोन दिवस पाण्याविना राहते.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर पांढरे वण आहेत. धंद्याची पहिली दोन-तीन वर्षे असतील. स्वस्तातला पाना घेऊन एका विहिरीत उतरलो होतो. फ्लँजचा बोल्ट सैल करताना जबडा सटकला आणि सगळा जोर घेऊन हात पंपाच्या बिडाच्या कडेवर आपटला. त्या महिन्यात मला काम करता आले नाही आणि घर भावाने चालवले. त्यानंतर पैसे वाचवायचे झाले तर दुसरीकडे वाचवले, पान्यात नाही.

बेळगाव ओतकामाचे गाव. उद्यमबागेत ज्याने काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही, की बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. पंपाची बॉडी बिडाची चालते, पाना नाही. पाना घडाईच्या पोलादाचा हवा. क्रोम व्हॅनेडियमचा असेल तर उत्तम, आणि कंपनीचे नाव व माप धातूत ठसवलेले असावे, नुसते रंगवलेले नको. आपल्याकडे नाशिकच्या टपारियाचा पाना बहुतेक मेकॅनिकांच्या पिशवीत सापडतो, माझ्याही आहे. पण नाव बघून डोळे मिटू नका, प्रत्येक नग हातात घेऊन बघा.

जबडा पूर्ण मिटवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर जास्त, खाली कमी असेल तर तो पाना नट कडेवर धरणार. मग तोंड अर्धे उघडा आणि हलता जबडा अंगठ्याने वरखाली, डावीउजवीकडे ढकला. थोडा खेळ प्रत्येक पान्यात असतो, तो नसेल तर चक्रीच फिरणार नाही. पण जबडा खडखडला तर ठेवून द्या. चक्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी फिरली पाहिजे. पाना झटकल्यावर माप आपोआप बदलता कामा नये. मला चकचकीत पान्यापेक्षा काळ्या फॉस्फेटचा आवडतो. आमच्या पावसात मुलामा एकदा उडाला की त्याचे पापुद्रे हाताला लागतात. काळा पाना तेल धरून ठेवतो. फक्त महिन्यातून एकदा त्याला तेलाचे फडके फिरवायला हवे.

माप म्हणाल तर एकच पाना घ्यायचा असेल तर 10 इंची. ओल्या हाताने ओढायचा पाना जास्त लांब नको, आणि त्याला पाइप तर मुळीच लावू नये. पाव मीटर लांबीच्या पान्यावर 20 किलोचा जोर लावला की नटावर 5 किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. मीटरभर पाइप सरकवला की तोच हात चौपट पीळ देतो, आणि आधी जबडा फाकतो. नट सुटत नसेल तर गंज सोडवणारे तेल टाकून वाट बघा. ओढताना पाना ज्या दिशेला फिरवायचा त्या अंगाला हलता जबडा ठेवा, म्हणजे ताण स्थिर जबड्यावर येतो. एवढी एक गोष्ट शिकवली तरी निम्मे नट वाचतील, पण ती कुणी शिकवत नाही.

जाणकार म्हणतील, ॲडजस्टेबल वापरूच नये, रिंग पाना वापरावा. गॅरेजमध्ये ते खरे आहे, इंजिनाला मीही रिंगच लावतो. पण शेतात जुना पंप इंची मापाचा आणि त्याला जोडलेला नवा व्हॉल्व्ह मिलिमीटरचा असतो. अर्ध्या इंची बोल्टाचा जुना नट 22 च्या पान्यात शिरत नाही आणि 24 च्यात डुलतो. स्वीडनमधल्या एन्शॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन ह्या कारागिराची अडचण हीच होती. प्रत्येक नट वेगळ्या मापाचा, त्यामुळे दुरुस्तीला जाताना पान्यांचा ढीग वाहून न्यावा लागे. 1888 मध्ये त्याने पाइप पान्याचे पेटंट घेतले आणि 1892 मध्ये आपण आज वापरतो त्या ॲडजस्टेबल पान्याचे. हत्यार हातात घेणाऱ्यानेच ते सुधारले.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावचा पाणी सोडणारा मुलगा आला होता. ह्या खेपेला पाना आणायला सदस्यांनी त्यालाच बेळगावला पाठवायचे ठरवले आहे. नट मी त्याच्याकडे दिला आहे. सोमवारी परत आणून देतो म्हणालाय.