अक्षर वाकले ते यंत्रापुढे : वर्ध्याचा ‘अि’ आणि संगणकात मुरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता

वर्ध्याहून १९३०-४० च्या दशकांत निघालेले राष्ट्रभाषा प्रचाराचे एखादे हिंदी पुस्तक हाती आले, तर पहिल्याच पानावर वाचक अडखळतो. ‘इतिहास’ तेथे ‘अितिहास’ होतो, ‘उद्योग’ ‘अुद्योग’ होतो आणि ‘एक’चा ‘अेक’ होतो. छपाईची चूक वाटावी असा हा प्रकार. पण ती चूक नव्हती. तो विचारपूर्वक, जाहीरपणे घेतलेला निर्णय होता आणि त्यामागे यंत्र होते. आजचा धागा त्या यंत्रापासून सुरू होऊन टेबलावरच्या संगणकापर्यंत येतो.

१९३५ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. त्या काळात नागरी लिपीच्या सुधारणेसाठी जी समिती झाली तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, गुजरातीत कीर्ती मिळवलेले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे हिंदीला दिलेले. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. मराठी मुलखातल्या या लहानशा गावातून नव्या वळणाची नागरी देशभर जाऊ लागली.

अडचण खरी होती. हाताने खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात रोमन लिपीचे काम मोजक्या घरांत भागे. देवनागरीला जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचा हात दिवसभर त्या घरांतून फिरत असे. टंकलेखनयंत्राची गोष्ट तर आणखी बिकट. त्यावर पन्नासाच्या आतबाहेर कळा. त्यांत सगळी वर्णमाला बसवायची कशी? यावर ‘अ’ची बाराखडी हा तोडगा निघाला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा स्वतंत्र चिन्हे काढून टाकायची आणि ‘अ’लाच मात्रा, वेलांट्या, उकार लावायचे. ‘ओ’ आणि ‘औ’ आपण तसेच लिहितो, मग ‘अि’लाच हरकत का, हा समर्थकांचा प्रश्न बिनतोड म्हणावा असाच होता.

गंमत अशी की, हीच ‘अ’ची बाराखडी स्वातंत्र्यवीर सावरकरही आग्रहाने मांडत होते. भाषेच्या आणि राजकारणाच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर वर्धा आणि सावरकर एकमेकांविरुद्ध उभे असताना दोन्हीकडची अक्षरे मात्र सारखीच दिसू लागली. यंत्राचा रेटा विचारसरणी पाहत नाही, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

ही सुधारणा टिकली नाही. वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि शासकीय समित्यांनीही तिला थारा दिला नाही. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय झाला, तोही पुढे मागे घ्यावा लागला. या अपयशाकडे हसून पाहण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. प्रस्ताव छापला गेला, त्यावर वाद झाला, लोकांनी वापरून पाहिला आणि नाकारला. लिपी वाकवायची की नाही, हे ती वापरणाऱ्यांना ठरवता आले.

संगणक आला तेव्हा वाकण्याची दिशा काही काळ उलटी झाली. आरंभी गोंधळच होता. प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक व्यवस्था निराळी. एका दुकानात जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आला, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आले. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने खरा पालट झाला तो २००० साली. विंडोज २००० मध्ये देवनागरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतच बसवलेली होती. सोबत मंगल हा फाँट होता. त्याचे रेखाटनकार र. कृ. जोशी, मराठीतले ख्यातनाम सुलेखनकार आणि कवी.

येथे तांत्रिक वाटणारी पण इतिहासाच्या दृष्टीने मोठी बाब दडलेली आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम त्या प्रणालीतील युनिस्क्राइब नावाचा भाग करत असे. त्याच्या आधाराने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटू लागली; प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मराठीचा गंध नसला तरी चाले. जे प्रणालीच्या पोटात असते ते सर्वांना फुकट मिळते, जे बाहेर राहते त्याच्यासाठी प्रत्येकाने नव्याने झटावे लागते. जुळाऱ्याचे काम यंत्राने घेतले आणि त्यासाठी लिपीला एकही अक्षर गमवावे लागले नाही.

नेमक्या त्याच जागी आता कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली जात आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कळफलकावर कोपायलटसाठी स्वतंत्र कळ आणल्याचे जाहीर केले. टंकयंत्रावर एकेका कळेसाठी सहा स्वर खर्ची घालायला निघालेल्या वर्ध्याला त्या कळेचे मोल नक्की कळले असते. २०२५ मध्ये ॲपलने आपल्या प्रणालीतील मॉडेल प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी खुले केले. अवघ्या तीन ओळींत ॲपला ते वापरता येते. मायक्रोसॉफ्टनेही अशीच साधने विंडोजमध्ये दिली. घडण युनिस्क्राइबसारखीच. फरक भाषांच्या यादीत आहे. पडद्यावरचे सारे टिपून ठेवणारी विंडोजची ‘रिकॉल’ सुविधा ज्या सहा भाषांसाठी सिद्ध केली गेली, त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. ॲपल इंटेलिजन्सने २०२५ मध्ये भाषा वाढवल्या तेव्हा भारताच्या वाट्याला आली ती ‘इंग्रजी (भारत)’.

यावर उत्तर येते की, ही मॉडेल्स मराठी थोडीफार जाणतात, पुढे आणखी शिकतील. शिकतीलही. परंतु मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचते आणि ते तुकडे पाडण्याची पद्धत बहुधा इंग्रजीच्या मापाने बेतलेली असते. त्याच आशयाच्या मराठी वाक्याचे तुकडे जास्त पडतात, म्हणून वेळ आणि खर्च दोन्ही जास्त. शेकडो खिळ्यांची ती जुनी अडचणच नव्या रूपात परतली आहे. वर्ध्यातला एखादा तरुण शेतकऱ्यांसाठी ॲप लिहायला बसला, तर फुकट मिळणारे मॉडेल त्याला इंग्रजीकडे ढकलणार आणि मराठीसाठी बाहेरचे, विकतचे काही शोधावे लागणार. यात कोणाचा दुष्टपणा नाही. मात्र येथे समिती नाही, छापलेला प्रस्ताव नाही आणि नाकारण्याची सोयही नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली, कारण तेथे लेखी प्रस्ताव दाखल करण्याचा रस्ता उघडा होता. मॉडेलला असा दरवाजा नाही.

मागणी म्हणून एक गोष्ट आजही करता येण्याजोगी आहे. प्रणालीतले मॉडेल बदलता यावे. जसा फाँट बदलता येतो, कळफलक बदलता येतो, तसे. मद्रास आयआयटीतील एआय४भारत या गटाने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांचे परस्पर भाषांतर करणारे मॉडेल खुले केले. सामग्री घरात आहे. ती बसवायला प्रणालीत खाच हवी. आणि ती खाच मागण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो ग्राहक लहान नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ कसा दिसावा हे ठरवून दिले, कारण संगणकावरच्या अनेक फाँट्सनी त्यांचे हिंदी वळण रूढ केले होते. तेच शासन जिल्हा परिषदांपासून शाळांपर्यंत संगणक विकत घेते. खरेदीच्या अटींत ‘मॉडेल बदलण्याची सोय असावी’ एवढी एक ओळ घालायला नव्या कायद्याची गरज नाही.