तारीख अशुभ नव्हती. ती अशुभ ठरवली गेली

१/ दरवर्षी १५ मार्च उजाडला की ज्युलियस सीझरच्या हत्येसोबत 'आइड्स ऑफ मार्च' या 'शापित' तारखेची कहाणी फिरू लागते. कहाणी रंजक आहे, परंतु ती इतिहासाची दिशाभूल करते.

२/ रोमन पंचांगात 'आइड्स' म्हणजे महिन्याचा मध्य : मार्च, मे, जुलै व ऑक्टोबरमध्ये १५, अन्य महिन्यांत १३ तारीख. हा दिवस ज्युपिटरला वाहिलेला असे. मार्चच्या आइड्सला तर अ‍ॅना पेरेना देवीचा उत्सव; सामान्य रोमन जन टायबरकाठी जमून मनसोक्त मद्यपान करीत. यात अशुभ ते काय?

३/ मग कटवाल्यांनी हाच दिवस का निवडला? इ.स.पू. ४४ च्या आरंभी सीझर तहहयात 'डिक्टेटर' झाला होता. लवकरच तो पार्थियाच्या मोहिमेवर निघणार होता. एकदा सैन्यात पोहोचल्यावर तो हाती लागणे कठीण. १५ मार्चला पॉम्पीने बांधलेल्या सभागृहात सिनेटची बैठक होती. मुहूर्त ठरला तो या बैठकीमुळे.

४/ शकुनवेत्त्या स्पुरिन्नाने सीझरला सावध केले नव्हते काय? केले असेलही. मात्र ज्यांच्यामुळे ही कथा आज परिचित आहे, ते प्लूटार्क व सुएटोनियस घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहीत होते. शिवाय साठांहून अधिक माणसांच्या कटाची कुणकुण लागण्यास दैवी शक्तीची गरज नसते.

५/ तारखेवर अशुभाचा शिक्का मारला तो राजकारणाने. हत्येनंतर सिनेटने या दिवसाला 'पितृहत्या' असे नाव दिले आणि त्या दिवशी कधीही बैठक न भरवण्याचे ठरवले. उलट ब्रूटसने त्याच तारखेचे नाणे पाडले : दोन खंजीर आणि मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत ब्रूटसचा पक्ष हरला. जेत्यांचा अर्थ टिकला. पुढे शेक्सपिअरच्या नाटकाने तो जगभर पोहोचवला.

६/ शापाची गोष्ट निरुपद्रवी नाही. नियतीवर खापर फोडले की माणसे जबाबदारीतून सुटतात. सीझरने प्रजासत्ताकाच्या संस्था पोकळ केल्या. कटवाल्यांनी त्याच्यावर २३ वार केले, पण दुसऱ्या दिवशी राज्य कसे चालवायचे याची धड योजना त्यांच्यापाशी नव्हती. यादवी पेटली, आणि इ.स.पू. २७ मध्ये सीझरचा दत्तकपुत्र 'ऑगस्टस' होऊन एकहाती सत्तेचा धनी झाला. यांतला एकही निर्णय पंचांगाने घेतलेला नव्हता.